शिकागोहून स्टार्व्ड रॉक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत नव्याने राहायला आलेला मराठी माणूस पहिल्या काही महिन्यांतच विचारतो, "इथे डोंगर कुठे आहेत?" डोंगर नाहीत. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेतं आहेत. पण शिकागोच्या नैर्ऋत्येला, गाडीने दीड-पावणेदोन तासांवर, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क आहे. तिथे ही सपाट जमीन अचानक तुटते. वालुकाश्मात कोरलेल्या १८ घळी, पावसानंतर त्यांत कोसळणारे धबधबे, नदीच्या थेट वर उभे असलेले कडे आणि त्या सगळ्याला जोडणाऱ्या १३ मैलांच्या, म्हणजे साधारण २१ किलोमीटरच्या पायवाटा.

आम्ही घरचे सगळे इथे निरनिराळ्या ऋतूंत जातो आणि नव्या मंडळींनाही घेऊन जातो. गोंधळ दर वेळी तेच असतात. कुणी अकरा वाजता पोचतं आणि पार्किंग मिळत नाही. कुणी ऑगस्टमध्ये धबधबा शोधत फिरतं. कुणी गुडघे धरलेल्या आजींना जिन्यांच्या वाटेवर नेतं. हे सगळं टाळता येतं. माझं सांगणं एवढंच आहे की एका दिवसात अठराही घळी बघायचा हट्ट सोडा, ऋतू आणि सोबतची माणसं बघून दोन-तीन ठिकाणं निवडा, आणि इथल्या खडकाला सह्याद्रीचा खडक समजू नका.

१. आधी ऋतू ठरवा, मग तारीख

धबधबे बघायचे असतील तर मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत जा. बर्फ वितळलेलं असतं, वसंतातला पाऊस सुरू झालेला असतो आणि घळींच्या तोंडाशी पाणी पडत असतं. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे दमदार पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. इथले धबधबे बारमाही नाहीत. त्यांच्यामागे मोठी नदी नाही, वरच्या पठारावरचं पावसाचं पाणीच खाली येतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस कोरडे गेले की बऱ्याच घळींत कड्यावरून फक्त थेंब ठिबकतात.

नेमके याच काळात आई-बाबा भारतातून आलेले असतात. मग जायचं नाही का? जरूर जा. घळींच्या तळाशी भर दुपारीही सावली आणि गारवा असतो, नदी सुंदर दिसते, झाडी दाट असते. फक्त धबधब्याचे फोटो दाखवून कुणाला नेऊ नका, आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावरचा दिवस गाठा.

ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमाराला ओक आणि मेपलची पानं रंगतात. कड्यांवरून दिसणारं तेव्हाचं दृश्य वर्षातलं सर्वोत्तम म्हणता येईल, पण गर्दीही तितकीच असते. शक्य असेल तर मधल्या वाराची सुट्टी काढा. हिवाळ्याचं प्रकरण वेगळं आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तारीख ठरली तरी निघायच्या आदल्या रात्री इलिनॉयच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे आयडीएनआरच्या संकेतस्थळावर या पार्कचं पान उघडून बघा. नदीला पूर आला की काठचे ट्रेल पाण्याखाली जातात. जिने आणि लाकडी पूल कधी दुरुस्तीसाठी बंद असतात. प्रवेश, पार्किंग यांचे नियमही तिथेच ताजे मिळतात.

२. सोबत कोण आहे ते बघून वाट निवडा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. नकाशावर "फक्त एक मैल" दिसतं आणि लोक फसतात. इथे चढ कमी आणि जिने फार आहेत. कड्याच्या माथ्यावरून घळीच्या तळाशी आणि परत वर, अशा लाकडी पायऱ्या दर थोड्या अंतरावर लागतात. चालायला हरकत नसलेल्या पण पायऱ्यांना नाही म्हणणाऱ्या माणसाचे हाल होतात.

खाली दिलेली अंतरं व्हिजिटर सेंटरपासून एका बाजूची आहेत:

- स्टार्व्ड रॉकचा माथा: ०.३ मैल
- फ्रेंच कॅनियन: ०.४ मैल
- लव्हर्स लीप: ०.७ मैल
- ईगल क्लिफ: ०.८ मैल
- वाइल्डकॅट कॅनियन: १ मैल
- सेंट लुई कॅनियन: १.५ मैल
- लासाल कॅनियन: २ मैल

*आई-बाबा किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर.* व्हिजिटर सेंटर बघा, मग त्याच्या समोरच्या नदीकाठच्या सपाट भागात रमतगमत फिरा. तिथे पिकनिकची टेबलं, मोठी झाडं आणि वाहत्या नदीचं दृश्य आहे. त्यानंतर गाडीनेच वर लॉजवर जा. १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'च्या मुलांनी हे ओंडक्यांचं लॉज बांधलं. आतल्या मोठ्या दालनात दोन्ही बाजूंनी उघडी असलेली दगडी शेकोटी आहे. बाबांना तिथे बसवून चहा-कॉफी घ्या, त्यांचा दिवस छान जातो. पायऱ्या थोड्याफार चालत असतील तर स्टार्व्ड रॉकचा माथा सावकाश, थांबत थांबत करता येतो. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असेल तर तोही करू नका. "आलोय तर वर जाऊनच येऊ" हा आग्रह घरातली तरुण मंडळीच करतात. तो त्यांनी आवरावा.

*लहान मुलं असतील तर.* स्ट्रोलर घरी ठेवा. पायऱ्यांवर तो उचलूनच न्यावा लागतो. पाठीवर घ्यायची पिशवी असेल तर ती आणा. मुलांसाठी माझी पहिली पसंती पार्कच्या पूर्व टोकाला आहे. तिथे कौन्सिल ओव्हरहँग नावाचं प्रचंड मोठं, गुहेसारखं कपार आहे, आणि त्याच्या पुढे जवळजवळच ऑटावा आणि कॅस्कॅस्किया या दोन घळी आहेत. रूट ७१ वरून पूर्वेकडच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की फार चालावं लागत नाही. कपारीच्या छताखाली मुलं ओरडून आवाजाचा प्रतिध्वनी ऐकत बसतात आणि मोठ्यांना अर्धा तास निवांत मिळतो.

*चालायची सवय असेल तर.* व्हिजिटर सेंटरहून निघा. आधी स्टार्व्ड रॉक आणि फ्रेंच कॅनियन करा. मग कड्यावरच्या वाटेने लव्हर्स लीप आणि ईगल क्लिफ घेत वाइल्डकॅट कॅनियन गाठा. इथला धबधबा पार्कमधल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी आहे आणि तो वरच्या सज्जावरूनही दिसतो, तळातूनही. तिथून नदीकाठच्या वाटेने लासाल कॅनियन. तिथली वाट खुद्द धबधब्याच्या मागून जाते. दगडी छताखाली उभं राहून पाण्याच्या पडद्याआडून बाहेरची घळ बघता येते. माझ्या मते सगळ्या पार्कमधलं हे एक ठिकाण चुकवू नये असं आहे. जाऊन येऊन साडेचार-पाच मैल होतात. जिने आणि फोटो धरून तीन ते चार तास हाताशी ठेवा.

*घाईत असाल तर.* सेंट लुई कॅनियनला स्वतःचं पार्किंग आहे, रूट १७८ वर. तिथून घळ जवळ पडते आणि वसंतात तिथे पाणी इतर ठिकाणांपेक्षा भरवशाचं असतं.

३. सामान आणि कागद आदल्या रात्री काढून ठेवा

कागदपत्रं:

- गाडी चालवणाऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीच्या विम्याचं कार्ड
- पाहुण्यांच्या प्रवासी आरोग्य विम्याचा कागद. आई-बाबांच्या नावावर घेतलेली पॉलिसी बहुतेकांच्या ईमेलमध्ये पडून असते. ती छापून पाकिटात ठेवा
- पाहुण्यांचा पासपोर्ट किंवा त्याची प्रत, सोबत आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद
- कॅम्पिंग किंवा लॉजचं बुकिंग असेल तर त्याची पावती
- मासेमारी करायची असेल तर इलिनॉयचा मासेमारीचा परवाना; १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना तो सहसा लागतो

सामान:

- तळाला नक्षी असलेले, घट्ट बसणारे बूट. फ्लोटर, चपला, गुळगुळीत तळाचे स्नीकर नकोत
- माणशी निदान एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दोन. पायवाटांवर पाणी मिळत नाही
- जादा मोजे आणि पातळ जॅकेट. घळीत शिरलं की गारवा जाणवतो
- डास आणि गोचिडींसाठी डीट असलेला स्प्रे, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत
- नेहमीची औषधं, बँडेज, गुडघ्याचा पट्टा, हातकाठी
- फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला पार्कचा नकाशा

नकाशाबद्दल आग्रहाने सांगते. घळींमध्ये फोनला रेंज नसते किंवा येतजात असते. नकाशा घरूनच डाउनलोड करा, आणि पोचल्यावर व्हिजिटर सेंटरमधून कागदी नकाशाही घ्या. आईंना साडी नेसायची सवय असेल तरी या दिवसापुरता पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. निऱ्या सांभाळत ओल्या पायऱ्या उतरणं धोक्याचं आहे.

४. लवकर निघा, फार लवकर

शिकागोहून आय-५५ आणि आय-८० ने पश्चिमेकडे यायचं. आय-८० च्या ८१ क्रमांकाच्या एक्झिटला उतरून रूट १७८ ने दक्षिणेला, युटिका गावातून नदीवरचा पूल ओलांडला की पार्क येतं. नेपरव्हिल-अरोराकडून सव्वा तासाच्या आसपास लागतो. इथवर रेल्वे किंवा बस येत नाही, गाडी हवीच. गाडी नसेल तर ती असलेल्या मित्रांसोबत जा, किंवा चौघांनी मिळून भाड्याने घ्या.

पार्क सकाळी ७ ला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी, विशेषतः मेमोरियल डे किंवा लेबर डेच्या लाँग वीकेंडला, पार्किंग भरलं की अधिकारी प्रवेशद्वारच बंद करतात. मग रूट १७८ वर गाड्यांची रांग लागते आणि कधी आत सोडतील याचा नेम नसतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, दंड होतो आणि गाडी उचलूनही नेतात. घरून पहाटे साडेसहाला निघून साडेआठच्या आत पोचायचं ठेवा. चार कुटुंबं मिळून जायची असली की एक कुटुंब हमखास उशीर करतं. अशा वेळी "तिथेच भेटू" असं ठरवा. सगळ्यांसाठी थांबलात तर सगळ्यांचाच दिवस जाईल.

५. झाडावरचे ठिपके वाचायला शिका

ही गोष्ट माहीत असेल तर इथे वाट चुकणं जवळपास अशक्य आहे, तरी नवे लोक तिच्याकडे लक्ष देत नाहीत. झाडांवर आणि खांबांवर रंगाचे ठिपके असतात. पिवळा ठिपका दिसत असेल तर तुम्ही व्हिजिटर सेंटर किंवा लॉजपासून लांब चालला आहात. पांढरा दिसत असेल तर परतीच्या वाटेवर आहात. याशिवाय वाटांचेही रंग आहेत: नदीकाठची वाट लाल, कड्यावरची तपकिरी, आणि या दोघींना जोडणाऱ्या वाटा हिरव्या.

मुलांना हा खेळ लावून द्या. "पुढचा ठिपका कुठला?" म्हणत ती पुढे पळतात आणि कंटाळत नाहीत. महत्त्वाच्या फाट्यांवर नकाशाच्या पाट्या असतात. प्रत्येक पाटीपाशी थांबून एक फोटो काढा. काही झालं आणि ९११ ला फोन करावा लागला तर तुम्ही कुठल्या घळीच्या जवळ आहात हे नावानिशी सांगता आलं पाहिजे.

६. या खडकाशी सह्याद्रीसारखं वागू नका

राजमाची, हरिश्चंद्रगड, तोरणा केलेले बरेच जण इथे आल्यावर म्हणतात, "हे काय, टेकडीच तर आहे!" उंचीच्या बाबतीत ते खरं आहे. खुद्द स्टार्व्ड रॉक १२५ फूट उंच आहे. पण आपला बेसाल्ट लाव्हाचा, कडक, हाताला धरवणारा. हा खडक सेंट पीटर वालुकाश्म आहे. चाळीस कोटी वर्षांहून आधी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या किनाऱ्याची ही वाळू. घळीच्या भिंतीवर बोट घासून बघा. साखरेसारखे पांढरट, गोलसर कण बोटाला लागतात. दोन कणांना जोडणारा सिमेंटसारखा पदार्थ यात फार कमी आहे, म्हणूनच हिमयुगाच्या अखेरीच्या महापुरांनी आणि नंतर ओढ्यांनी यात इतक्या खोल घळी कोरल्या.

सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्यांनी सिमेंटच्या चाचणीसाठी वापरतात त्या 'ऑटावा सँड'चं नाव ऐकलं असेल. ते ऑटावा म्हणजे कॅनडाची राजधानी नव्हे, या पार्कच्या शेजारचं इलिनॉयमधलं गाव. याच वालुकाश्माची ती वाळू. आजही आजूबाजूला तिच्या खाणी चालू आहेत.

याचा चालणाऱ्याला अर्थ असा की कड्याची कड भरवशाची नसते. वरून गवत आणि माती दिसते, खाली आधार असतोच असं नाही. कठड्याच्या पलीकडे सेल्फीसाठी जाऊन इथे माणसं पडली आहेत आणि दगावली आहेत. म्हणून:

- आखलेली वाट आणि लाकडी कठडा सोडू नका, मुलांचा हात कड्यावर सोडू नका
- घळीच्या भिंतींवर चढू नका. त्याला मनाई आहे, आणि पकडलेला दगड हातात येतो
- ओला वालुकाश्म शेवाळामुळे फार निसरडा होतो. फ्रेंच कॅनियनमध्ये शिरताना पाण्यातून, खडकात कोरलेल्या छोट्या खोबणींवर पाय ठेवत चढावं लागतं. एका वेळी एकाने जायचं, मागच्याने आधार द्यायचा, आणि खात्री नसेल तर तोंडाशीच थांबून बघायचं
- भिंतींवर नावं कोरू नका. आपल्या लेण्यांची आणि गडांची जी दशा लोकांनी केली ती इथेही दिसते, आणि मऊ दगडात ती खूण कायमची राहते

वाट सोडल्याने दुसरंही नुकसान होतं. घळींच्या ओलसर भिंतींवर नेचे आणि शेवाळ वाढतं. लोकांनी पाडलेल्या चोरवाटांवरून पावसाचं पाणी धावतं, माती वाहून जाते आणि हा पट्टा पुन्हा हिरवा व्हायला कैक वर्षं लागतात.

७. माथ्यावर गेलात की जरा थांबा

स्टार्व्ड रॉकच्या माथ्यावर लाकडी सज्जा आहे. बहुतेक लोक फोटो काढून पाच मिनिटांत उतरतात. तसं करू नका. समोर नदी, तिच्यातलं प्लम आयलंड आणि उजवीकडे धरण दिसतं. पलीकडच्या उत्तर काठावर इलिनॉय नावाच्या मूळनिवासी लोकांच्या कॅस्कॅस्किया शाखेचं मोठं गाव होतं. १६७३ मध्ये फ्रेंच प्रवासी जॉलिए आणि पाद्री मार्क्वेट इथून गेले, आणि १६७५ मध्ये मार्क्वेटने तिथे ख्रिस्ती मिशन सुरू केलं. १६८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रान्ससाठी मोहिमेवर आलेल्या लासाल आणि टॉन्टी यांनी या माथ्यावर फोर्ट सेंट लुई बांधला. तीन बाजूंनी तुटलेला कडा आणि खाली नदी. जागा निवडताना त्यांनी काय पाहिलं हे गड बघत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मात्र तट-बुरूज शोधू नका. किल्ला लाकडी होता, वर त्याचं काही उरलेलं नाही.

'उपाशी खडक' या नावामागे एक आख्यायिका आहे. १७६९ मध्ये ओटावा जमातीचा सरदार पाँटियाक मारला गेला. त्याचा सूड म्हणून शत्रूंनी इलिनॉय लोकांना या माथ्यावर कोंडलं आणि ते अन्नपाण्यावाचून मेले, असं सांगतात. याला इतिहासाचा ठोस पुरावा नाही, आणि इलिनॉय लोकांचे वंशज, पिओरिया जमात, आज ओक्लाहोमात आहेत. मुलांना गोष्ट सांगताना हेही सांगा. १९११ मध्ये राज्याने ही जागा विकत घेऊन पार्क केलं आणि १९६० मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ जाहीर झाली.

८. पाण्यात उतरू नका

धबधब्याखाली भिजायची आपल्याला सवय आहे. लोणावळ्याला गेलं की तेच करतो. इथे पोहणं आणि पाण्यात डुंबणं दोन्हीला मनाई आहे, आणि रेंजर्स हटकतात. घळींतल्या डोहाचं पाणी वरच्या शेतांतून आलेलं असतं आणि तळाशी तुटलेले दगड असतात.

नदीबद्दल तर अजिबात धाडस नको. वरून ती संथ दिसते, पण धरणाच्या खाली पाणी उलटं फिरतं आणि त्यात अडकलेल्याला बाहेर येता येत नाही. कयाक किंवा बोट नेणार असाल तर धरणाजवळची बंदी घातलेली हद्द आधी नकाशावर बघून ठेवा. लाइफ जॅकेट घाला, आणि मोठमोठ्या बार्जेसच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांच्या, वाटेत येऊ नका. त्यांना थांबायला खूप अंतर लागतं.

या बार्जेस जवळून बघायच्या असतील तर पलीकडच्या काठावर, युटिकाच्या बाजूने, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटर आहे. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या स्टार्व्ड रॉक लॉकमधून, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या हौदातून, बार्ज खाली-वर कशी होते ते तिथल्या सज्जावरून दिसतं. जिने टाळायचे असलेल्या आई-बाबांसाठी ही जागा फार चांगली आहे. दारं बंद होतात, पाणी उतरायला लागतं, एवढं मोठं जहाज हळूहळू खाली बसतं. बाबा तिथून हलायला तयार होत नाहीत.

९. जेवणाचं

डबा घरून न्या. लॉजमध्ये रेस्टॉरंट आहे, पण सुट्टीच्या दिवशी थांबावं लागतं आणि शाकाहारी मंडळींना पर्याय थोडे. तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेपले, दशम्या, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे, फळं, कूलरमध्ये ताक. खालच्या पिकनिक भागात कोळशाच्या शेगड्या आहेत. कोळसा आपला न्यायचा. ऑगस्टमध्ये येताना वाटेत कुठे ताजी कणसं मिळाली तर घ्या आणि तिथे भाजा, मीठ-तिखट-लिंबू घरून आठवणीने न्या. शेगडी सोडून दुसरीकडे कुठेही विस्तव पेटवू नका.

खाणं पायवाटेवर न्यायचं नाही, गाडीपाशी किंवा टेबलावरच संपवायचं. कचरा उचलून आणा. उरलेला भात किंवा पोळी "पक्षी खातील" म्हणून टाकू नका. रॅकून आणि खारी त्याला सोकावतात आणि मग माणसांच्या अंगावर येतात.

१०. तीन पानांची वेल

पायवाटेच्या कडेला पॉयझन आयव्ही वाढते. एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ बाकीच्या दोघांपेक्षा लांब, पानं बहुधा चकचकीत. वसंतात कोवळी पानं लालसर असतात. हात लागला तर बऱ्याच जणांना एक-दोन दिवसांत खाजरे फोड येतात. शेजारीच पाच पानांची वेल दिसेल, ती वेगळी आहे. नव्या माणसाने अशा वेळी तीन आणि पाच मोजत बसू नये, कशालाच हात लावू नये. लागलाच तर लवकरात लवकर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा.

११. हिवाळ्यात जायचं असेल तर

जानेवारी-फेब्रुवारीत घळींतलं पाणी गोठून कड्यावरून लटकणारे बर्फाचे खांब तयार होतात. मला स्वतःला हा ऋतू सगळ्यांत आवडतो, कारण गर्दी कमी असते आणि पानं झडल्यामुळे घळींचा आकार पूर्ण दिसतो. पण तयारीशिवाय जाऊ नका. पायऱ्यांवर तुडवून घट्ट झालेला बर्फ काचेहून निसरडा असतो. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे, ज्यांना इथे मायक्रोस्पाइक म्हणतात, ते प्रत्येकासाठी हवेत. बर्फाच्या खांबाखाली किंवा मागे उभं राहू नका, ऊन चढलं की तुकडे कोसळतात. बर्फावर चढणारे लोक दिसतील. त्यांना नोंद करून आणि साधनं घेऊनच परवानगी मिळते, बघून अनुकरण करायचं नाही.

याच दिवसांत बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, येतात. उत्तरेकडच्या नद्या गोठतात, पण धरणाखालचं खळाळतं पाणी उघडं राहतं आणि तिथे मासे मिळतात. प्लम आयलंडवरच्या झाडांवर ते बसलेले असतात. सकाळची वेळ साधा, दुर्बीण न्या. पांढरं डोकं शोधाल तर निम्मे निसटतील, कारण ते पांढरं व्हायला पक्ष्याला साधारण पाच वर्षं लागतात. तोवर तो तपकिरी, चट्टेपट्टे असलेला असतो आणि आपल्याला मोठी घार वाटते.

१२. पार्किंग मिळालं नाही तर

परत फिरू नका. रूट १७८ वरच थोडं दक्षिणेला मॅथिसन स्टेट पार्क आहे. तोच वालुकाश्म, त्याच प्रकारची घळ, ४५ फुटी कॅस्केड फॉल्स, आणि गर्दी बरीच कमी. तिथेही जिने आहेत, पण पल्ला छोटा आहे. सपाट चालायचं किंवा सायकल चालवायची असेल तर युटिकातून जाणारा इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या काठचा मार्ग घ्या. १८४८ मध्ये सुरू झालेल्या या कालव्यावर खेचरं बोटी ओढत, त्यांची ही वाट. स्टार्व्ड रॉकच्या पायवाटांवर सायकलला परवानगी नाही, म्हणून सायकलवाल्यांनी सरळ इथेच यावं.

मुक्काम करायचा असेल तर लॉजच्या खोल्या आणि कॅम्पग्राउंड दोन्हींचं बुकिंग काही महिने आधी करा. ऑक्टोबरसाठी तर उन्हाळ्यातच.

१३. घरी आल्यावर

आल्या आल्या सगळ्यांचे कपडे थेट ड्रायरमध्ये तीव्र उष्णतेवर टाका, त्याने गोचिडी मरतात. मग अंघोळ करताना अंग नीट तपासा: गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, मुलांच्या केसांत. लाइम रोग पसरवणारी गोचीड तिळाएवढी, कधी त्याहूनही लहान असते. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, तूप किंवा पेटती काडी लावू नका. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा वाढत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि "इलिनॉयच्या जंगलात फिरून आलो होतो" हे आवर्जून सांगा. आई-बाबा तोवर पुण्याला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांनाही हेच सांगायला सांगा, कारण तिथे या रोगाची शंका सहसा कुणाला येत नाही.